सायकलवरून तोंडघशी पडल्यावर: पहिल्या पाच मिनिटांपासून पुढच्या सहा महिन्यांपर्यंत

पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, हँडलला अडकवलेली पिशवी चाकाच्या तारांत जाते, पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. कारण काहीही असो, सायकलस्वार बऱ्याचदा हँडलवरून पुढे फेकला जातो. हात मुठी सोडेपर्यंत उशीर झालेला असतो आणि जमिनीला आधी लागते ती हनुवटी, नाहीतर ओठ, वरचे पुढचे दात, नाक किंवा गालाचं हाड.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे बोटभर जखमेतूनही शर्ट भिजेल इतकं रक्त येतं. जमलेली माणसं त्या रक्ताकडेच बघत राहतात. खरं नुकसान मात्र अनेकदा दुसरीकडे असतं. हनुवटीला दोन टाके पडतात आणि कानापुढचा जबड्याचा सांधा मोडलाय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. नाकातलं रक्त थांबतं, पण आतल्या पडद्यात साकळलेलं तसंच राहतं. म्हणून रक्त थांबलं की काम झालं असं समजू नका. प्रत्येक इजेला मुदत आहे, कुणाला मिनिटांची, कुणाला दिवसांची. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

पहिली पाच मिनिटं: श्वास आणि मान

आपल्याकडे अपघात झाला की तीन सूचना हमखास येतात: उचलून बसवा, पाणी पाजा, कांदा हुंगवा. तिन्ही टाळा. आधी एकाला मागची वाहनं थांबवायला उभं करा, मग पडलेल्या माणसाशी बोला. नाव, कुठे दुखतंय, काय झालं. पूर्ण वाक्यात नीट उत्तर आलं तर निदान या क्षणी श्वासमार्ग मोकळा आहे.

शुद्धीवर आहे, मान दुखत नाही, हातापायांना मुंग्या नाहीत, तर त्याला बसवून पुढे वाकवा आणि तोंडातलं रक्त थुंकू द्या. गिळलेलं रक्त पोटात गेलं की उलटी होते. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला असेल तर माणूस उताणा झोपवल्यावर जीभ मागे पडून घुसमटतो. असा माणूस स्वतःच पुढे वाकून बसायला बघतो. त्याला बळजबरीने आडवं करू नका.

मान दुखत असेल किंवा मुंग्या असतील तर पडलाय तसाच राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, किंवा तोंडात रक्त-उलटी साठतेय, अशा वेळी दोघा-तिघांनी मिळून डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. मानेची काळजी खरी, पण घुसमट त्याआधी जीव घेते. श्वासच नसेल तर छातीदाब सुरू करा. तोंडात तुटका दात किंवा कवळी डोळ्यांना दिसत असेल तरच काढा; आत बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी खोल जाते. सायकलचं हेल्मेट पुढून उघडं असतं, तोंडापर्यंत हात पोहोचतो, त्यामुळे ते रस्त्यावर काढायची घाई नको.

पडलेलं मूल असेल तर शर्ट वर करून पोट बघा. हँडलचं टोक पोटात घुसल्याचा गोल वळ दिसला तर चेहऱ्याची जखम कितीही किरकोळ असो, हॉस्पिटल गाठायचंच. प्लीहा, यकृत, स्वादुपिंड यांना झालेली इजा पहिल्या तासात शांत असू शकते आणि चेहऱ्यावरच्या रक्तापायी तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

सायकलला गाडीने उडवलं असेल तर मदत करायला बिचकू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याने आपलं नाव-गाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

रक्त थांबवताना

स्वच्छ रुमाल किंवा गॉज जखमेवर ठेवा आणि घड्याळ लावून १० मिनिटं सलग दाबा. मध्येच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. ओठ कापला असेल तर आतून एक आणि बाहेरून एक बोट लावून चिमटीत धरा. नाकातून रक्त असेल तर मान मागे टाकायची नाही; पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दाबायचा. नाक वाकडं झालंय किंवा रक्ताबरोबर पाण्यासारखा पातळ द्रव गळतोय, तर दाबू नका, बोळाही घालू नका, शिंकरू देऊ नका. तो द्रव मेंदूभोवतालचा असू शकतो. डोळ्याच्या बुबुळाला लागलं असेल तर डोळ्यावर दाब अजिबात नको. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि निघा.

जखमेत हळद, कॉफी, चुना, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही भरू नका. हळदीचे गुण कितीही सांगितले गेले तरी टाके घालण्याआधी डॉक्टरला ती घासूनच काढावी लागते, आणि ते घासणं दुखतं. रंगीत पूड कातडीत अडकली तर डाग राहतो तो वेगळाच.

पहिला तास: दात

इथे आपण सर्वांत जास्त गमावतो, कारण दात मातीत पडलाय म्हणजे गेला असं लोक धरून चालतात. गेलेला नसतो. मुळासकट निखळलेला कायमचा दात परत बसवता येतो आणि पुढे वर्षानुवर्षं टिकूही शकतो. दात शोधायचं काम कुणातरी एकाला नेमून द्या.

दात उचलताना पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. मुळावर एक पातळ जिवंत थर असतो, त्यातल्या पेशींमुळेच दात हाडाला पुन्हा धरतो. या पेशी कोरड्या पडल्या की मरतात. म्हणून पुसणं नाही, घासणं नाही, साबण नाही. माती लागली असेल तर थंड दुधात खळबळवा. दूध नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली फार तर १० सेकंद धरा. मग माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर तिथेच दात त्याच्या खोबणीत बसवा. फुगीर, चकचकीत बाजू बाहेर, आणि शेजारच्या दाताशी उंची जुळवून हलकेच दाबायचं. थोडं दुखतं, पण बसतो. वर रुमालाची घडी चावायला द्या आणि थेट डेंटिस्टकडे.

हिंमत झाली नाही किंवा जबडाच मोडलेला वाटतोय, तर दात दुधात ठेवा. चहाच्या टपरीवर दूध मिळतंच. फक्त उकळतं नको, गार घ्या. दूध नाहीच मिळालं तर त्याच माणसाची लाळ एका छोट्या डबीत घेऊन त्यात दात बुडवा. साध्या पाण्यात ठेवून नेऊ नका, कारण पाण्याने पेशी फुगून फुटतात. टिश्यूत किंवा कोरड्या रुमालात गुंडाळणं तर त्याहून वाईट. पहिल्या १५ मिनिटांत बसवलेल्या दाताचं भवितव्य सर्वांत चांगलं. ६० मिनिटं कोरडा राहिला तर पेशी बहुतेक मेलेल्या असतात, तरी दात टाकून देऊ नका. वाढत्या वयात तो काही वर्षं जागा आणि हाड धरून ठेवतो, तेवढंही पुष्कळ असतं. पुढे डेंटिस्ट शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून साधारण २ आठवडे ठेवतात आणि मुळाची वाढ पूर्ण झाली असेल तर त्याच काळात रूट कॅनॉल सुरू करतात.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला धक्का बसतो. सहा-सात वर्षांच्या मुलात कोणता दात आहे हे कळत नसेल तर दुधात घालून घेऊन जा, डेंटिस्ट ठरवतील.

तुकडा तुटला असेल तर तोही ओला ठेवून न्या, बऱ्याचदा जसाच्या तसा चिकटवता येतो. तुकडा सापडत नसेल तर तो गेला कुठे याचं उत्तर मिळालं पाहिजे. सुजलेल्या कापलेल्या ओठात तो रुतून बसतो आणि वरून टाके घातले जातात. श्वासनलिकेत गेला तर खोकला सुरू होतो. ओठाचा आणि गरज वाटल्यास छातीचा एक्स-रे मागायला लाजू नका.

कुठे जायचं

खरचटलं किंवा छोटी जखम असेल तर नेहमीचे डॉक्टर पुरेसे. पण पुढचं काहीही असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा: काही क्षण का होईना शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, नजरेत फरक, दात नीट जुळत नाहीत, तोंड उघडत नाही, गाल किंवा खालचा ओठ बधिर, एका बाजूचा गाल बसल्यासारखा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे आधीच सांगा.

चेहऱ्याच्या हाडांसाठी विचारायचे ते मॅक्सिलोफेशियल सर्जन. ते दंतवैद्यकातूनच जबड्याच्या शस्त्रक्रियेकडे आलेले असतात, म्हणून मोठ्या दंत महाविद्यालयांत त्यांचा स्वतंत्र विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय ही ठिकाणं माहीत असलेली बरी. पण डोक्याला मार असण्याची शंका असेल तर आधी सर्वसाधारण हॉस्पिटल, दात-जबडा नंतर. सरकारी जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, सुरुवातीलाच भेटा. रस्त्यावरचा अपघात असल्याने एमएलसी (पोलिसांना कळवायची हॉस्पिटलची कायदेशीर) नोंद होईल, त्याला घाबरायचं कारण नाही. पुढे विम्याला तीच लागते.

जाताना काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. दुखतंय म्हणून डिस्प्रिन देऊ नका, तिच्यातल्या अ‍ॅस्पिरिनने रक्त वाहत राहतं. आणि गरगरणाऱ्या माणसाला दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका.

डॉक्टरांपुढे: चार साधे प्रश्न

दात पूर्वीसारखे जुळतात का? तोंड किती उघडतं? एकाच्या जागी दोन दिसतात का? कुठे बधिर आहे का? कॅज्युअल्टीत गर्दी असते, टाके घालण्याची घाई असते. हे प्रश्न कुणी विचारले नाहीत तर तुम्ही सांगा.

यातला तोंड उघडण्याचा प्रश्न हनुवटीवर पडलेल्या मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. हनुवटीवर बसलेला धक्का जबड्याच्या कमानीतून वर जातो आणि कानाच्या अगदी पुढे, जिथे जबडा कवटीला सांधलेला असतो, तिथलं बारीक हाड मोडतं. हनुवटीची जखम खालच्या बाजूला, मोड वर कानाशी. कधी त्या कानातून थोडं रक्त येतं आणि लोक कानाला मार लागलाय असं समजतात. तोंड उघडताना जबडा मोडलेल्या बाजूला सरकतो. एका सरळ एक्स-रेत हा मोड सहज निसटतो. पूर्ण जबडा एकाच चित्रात दाखवणारा ओपीजी एक्स-रे किंवा सीटी लागतो.

मुलांमध्ये यावर बहुधा ऑपरेशन लागत नाही. मऊ खाणं आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून जबड्याचे व्यायाम, एवढ्यावर सांधा छान सुधारतो. दुर्लक्ष झालं तर सांध्यात साकळलेल्या रक्ताचं हळूहळू हाड होतं आणि जबडा कवटीला जखडतो. मूल तक्रार करत नाही, घास लहान घेतं, पेरू चावायचा टाळतं. आईच्या लक्षात येईपर्यंत तोंड एका बोटाइतकंच उघडत असतं आणि हनुवटीची वाढ खुंटायला लागलेली असते. त्यानंतरची शस्त्रक्रिया मोठी असते. म्हणून टाके निघाल्यावरही निदान सहा महिने, महिन्यातून एकदा मुलाला त्याचीच तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायला सांगा. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये तिन्ही मावली पाहिजेत. दोनच मावतात, किंवा मागच्या महिन्यापेक्षा कमी मावतात, तर त्याच आठवड्यात दाखवा.

मुलांच्या डोळ्याचीही एक फसवी इजा आहे. डोळ्याच्या खोबणीचं पातळ तळहाड चिरतं, फटीत स्नायू अडकतो आणि हाड दारासारखं परत मिटतं. डोळा लाल नाही, सूज नाही. पण वर बघायला सांगितलं की एक डोळा वर जात नाही, दुखतं, उलटी येते. उलटीमुळे सगळे डोक्याच्या माराकडे वळतात. अडकलेला स्नायू लवकर सोडवावा लागतो, एक-दोन दिवसांपेक्षा जास्त थांबून चालत नाही.

नाकाला मार असेल तर डॉक्टरांना टॉर्चने आतला पडदा बघायला सांगा. पडद्यावर मऊ, फुगलेली गाठ असेल आणि दोन्ही नाकपुड्या बंद वाटत असतील तर आत रक्त साकळलंय. ते त्याच दिवशी काढायला हवं. राहिलं तर पडद्यातलं मऊ हाड (कूर्चा) गळतं आणि काही महिन्यांनी नाकाचा मधला भाग खचतो. नुसतं वाकडं झालेलं हाड मात्र सूज उतरल्यावर, साधारण ५ ते १० दिवसांत बसवता येतं. लहान मुलांत त्याहून लवकर.

गाल खोल कापला असेल तर बधिर करण्याआधी भुवया उंचावणं, डोळे घट्ट मिटणं, दात दाखवणं हे करून बघायला सांगा. बधिर केल्यावर चेहऱ्याची नस कापली आहे की औषधाचा परिणाम आहे हे कळत नाही, आणि कापलेली नस जोडायची ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच बरी.

धुणं आणि टाके

डांबरी रस्त्यावर घसटलेल्या जखमेत खडी-डांबराचे काळे कण रुततात. ते राहू दिले तर वर नवी कातडी येते आणि निळसर-काळे ठिपके गोंदल्यासारखे कायमचे राहतात; नंतर लेसरनेही पूर्ण जात नाहीत. म्हणून पहिल्या २४ तासांत जागा बधिर करून सलाइन आणि मऊ ब्रशने कण न् कण काढायला हवेत. हे कंटाळवाणं काम आहे, गर्दीच्या कॅज्युअल्टीत टाळलं जातं. आरशात काळे कण दिसत असतील तर स्पष्ट म्हणा, ‘डॉक्टर, हे अजून काढायचे राहिलेत.’ वरवरचं खरचटलेलं घरी पिण्याच्या पाण्याने भरपूर धुतलं तरी चालतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेच्या आत नको, चरचरतं त्याचा अर्थ जखम बरी होतेय असा नाही. धुतल्यावर व्हॅसलिनचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी. खपली धरू देण्यापेक्षा ओलसर ठेवलेली जखम लवकर आणि कमी डागात भरते.

चेहऱ्याच्या स्वच्छ जखमेला साधारण २४ तासांपर्यंत टाके घालता येतात, त्यामुळे मध्यरात्री जो कुणी मिळेल त्याच्याकडून शिवून घेण्यापेक्षा सकाळी अनुभवी हात मिळत असेल तर डॉक्टरांना विचारून थांबा. ओठाची लाल कड कापली असेल तर हे विशेष लागू: पहिला टाका त्या कडेवरच अचूक पडला पाहिजे, एका मिलिमीटरची पायरीही बोलताना समोरच्याला दिसते. भुवई कापली तर ती भादरू देऊ नका. तोंडाच्या आतले छोटे चिरे बहुधा टाक्यांशिवाय भरतात. बाहेरचे टाके सुमारे ५ दिवसांत काढा, ‘घट्ट होऊ दे’ म्हणून लांबवले तर शिडीसारखे वण उरतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं नसतं. लहानपणीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटच्याला ५ वर्षं झाली नसतील तर मातीच्या जखमेलाही पुन्हा लागत नाही. आठवत नसेल तर घेऊन टाका.

घरी आल्यावर

पहिली रात्र एकटं झोपू नये. दर काही तासांनी हाक मारून नीट उत्तर येतंय ना बघावं. गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा उलटी असेल तर परत हॉस्पिटल. पहिले ४८ तास कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, आणि उशी उंच. गालाचं किंवा डोळ्याभोवतालचं हाड मोडलं असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, नाहीतर सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरून एका क्षणात डोळा फुगतो.

खाण्याचे हाल होतात ते पहिला आठवडाभर. पेज, नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी, वरण गाळून, ताक, कुस्करलेलं केळं. मिरची-मसाला नको, फार गरम नको. दात घासणं मात्र थांबवू नका. दुखऱ्या जागी मऊ ब्रश, बाकी नेहमीसारखं. जबडा तारांनी बांधला असेल तर तारा कापायची कातर घरात सगळ्यांना माहीत अशा जागी ठेवा आणि कोणती तार कापायची ते डॉक्टरांकडून डिस्चार्जआधीच बघून घ्या. उलटी झाली तर विचारायला वेळ नसतो.

मार बसलेला पण न पडलेला दात काही आठवड्यांनी करडा पडू शकतो. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने डेंटिस्टला दाखवा.

वण सुरुवातीला लाल, टणक असतो आणि घरचे घाबरतात. तो वर्षभर बदलत राहतो, म्हणून प्लॅस्टिक सर्जरीचा विचार त्याआधी करायचा नाही. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉन जेल दोन-तीन महिने, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन व टोपी. आपल्या उन्हात हे दुसरं जास्त कामाचं, नव्या कातडीवर काळेपणा लगेच चढतो.

पुन्हा सायकलवर बसण्याआधी

हेल्मेटवरच्या जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात चेहऱ्याच्या वरच्या आणि मधल्या भागाच्या इजा सुमारे ६५ टक्क्यांनी कमी आढळल्या. हनुवटी आणि खालच्या जबड्याला मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे हेल्मेट घाला, पण हनुवटी वाचवायची तर पडणंच टाळावं लागतं. हँडलला पिशवी अडकवू नका, मागे कॅरियरला बांधा. दोन्ही ब्रेक एकत्र दाबायची सवय लावा. सायकल काढण्याआधी पुढचं चाक धरणारा खटका हाताने चाचपून बघा, आणि अपघातानंतर पुढचा फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) दुकानात तपासून घ्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. आणि ज्या हेल्मेटने एकदा मार खाल्ला ते बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. ते धाकट्या भावाला देऊ नका, टाकून द्या.